घुमट तिचा, कागद नवऱ्याचा

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात गावोगाव गोबर गॅसचे खड्डे खणले जात होते. शेणापासून गॅस, गॅसवर स्वयंपाक, उरलेल्या शेणकाल्याचं खत. योजना चांगली होती, तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते एका कागदाशी. ज्याच्याकडे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे त्याच मिस्त्रीनं संयंत्र बांधायचं, नाहीतर शेतकऱ्याला अनुदान नाही, असा नियम होता.

माझे वडील महाराष्ट्रातून देवासच्या कारखान्यात नोकरीला आले, तिथंच मी वाढले. शाळा हिंदी, घर मराठी. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी धारला मिस्त्रींच्या सरकारी प्रशिक्षण शिबिरात तात्पुरती प्रशिक्षक म्हणून लागले. पंधरा दिवसांत मिस्त्रींना नकाशा वाचायला शिकवायचं आणि शेवटी प्रमाणपत्रावर सही करायची, एवढंच माझं काम.

शिबिरात सगळे मिस्त्री पुरुष. बायका होत्या त्या रेजा, म्हणजे विटा आणि कालवलेल्या सिमेंटचा मसाला वाहणाऱ्या. त्यांच्यातली एक तिशीची बाई घमेलं खाली ठेवून दर वेळी क्षणभर थांबायची आणि संयंत्रावर चढत असलेल्या विटांच्या घुमटाच्या कडेकडे बघायची. मला वाटलं, दमते बिचारी.

दहाव्या दिवशी शिबिराचं नमुना संयंत्र तयार झालं आणि दाबाच्या परीक्षेत नापास झालं. घुमटाला जोडलेल्या काचेच्या नळीत पाणी चढवलं की तासाभरात उतरायचं. हवा कुठूनतरी निसटत होती. मिस्त्री एकमेकांवर ढकलू लागले. "अरे भिया, प्लास्टर तो तूने ही किया था!" असा गलका चालला होता. ती बाई शांतपणे पुढं आली. ओल्या गोवऱ्या पेटवून तिनं धूर आत सोडला आणि घुमटाभोवती ओणवी फिरू लागली. भिंत आणि घुमट जिथं मिळतात तिथं केसाएवढी धुराची रेघ निघत होती. तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "यां से."

कुठं शिकलीस, विचारलं. तिचा नवरा मिस्त्री. चार वर्षांपूर्वी परांचीवरून पडला, उजवा हात खांद्यापासून निकामी झाला. तेव्हापासून तो कडेला बसून सांगायचा आणि ती बांधायची. पुढं पुढं त्याला सांगावंही लागेना. आसपासच्या गावांतल्या कित्येक विहिरी तिच्या हातच्या होत्या. शिबिरात मात्र तिला घमेलं मिळालं होतं.

मी तिचं नाव प्रमाणपत्राच्या परीक्षेच्या यादीत घातलं. आमचे अधिकारी धारच्या जुन्या मराठी घराण्यातले, बोलणं अगदी अदबीचं. यादी पाहून म्हणाले, "बाई, हे कसं व्हावयाचं? स्त्रिया मिस्त्रीकाम करीत नाहीत."

"ही करते. उद्या परीक्षा घ्या."

त्यांनी घेतली, हे मान्य करायला हवं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून प्रश्न मी वाचले आणि तिनं तोंडी उत्तरं दिली. मग तीन दिवस खपून तिनं छोटा घुमट एकटीनं उभारला. परीक्षेच्या नळीतलं पाणी दुसऱ्या सकाळीही जागच्या जागी होतं. अधिकारी स्वतः वाकून बघून गेले आणि "वा!" म्हणाले.

महिन्याभरानं प्रमाणपत्रं छापून सहीसाठी माझ्या टेबलावर आली. मी तिचं शोधलं. मिळालं ते तिच्या नवऱ्याच्या नावाचं.

मला वाटलं, कारकुनाची चूक. तो कागद घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेले.

"चूक नव्हे," ते म्हणाले. "विचार करूनच केलं. कुटुंबात मिस्त्री तोच. काम तिनं करावं, नाव त्याचं असावं. त्यात बिघडलं काय?"

"परीक्षा तिनं दिली, साहेब. त्याला हात उचलता येत नाही."

"तुम्ही लहान आहात. आपण मराठी माणसं, परमुलखात आपसात वितुष्ट कशाला? सही करा."

मी केली नाही. तो आवाज इतका गोड होता की त्याचाच जास्त संताप आला. तो माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं. प्रमाणपत्र तिच्याच नावानं द्यावं, असा अर्ज मी टाइपरायटरवर स्वतः टाइप केला, वरच्या कार्यालयात पाठवला, आणि रविवारी देवासला जाऊन घरी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "आपल्याला काय करायचंय? तात्पुरती नोकरी आहे तुझी." मी जेवणावरून उठले. आपण फार मोठं काही केलं, असं मला तेव्हा वाटत होतं.

अर्जाला उत्तर आलं नाही; तीन आठवड्यांनी ती बाईच कार्यालयाच्या दारात उभी राहिली. आभार मानायला आली असेल, असं वाटून मी हसत बाहेर गेले.

"बेनजी, कागद कां है?" कागद कुठं आहे, असं तिनं विचारलं. मी अभिमानानं सगळी हकिगत सांगितली. तिनं मला मध्येच थांबवलं. माझी सही नाही म्हणून नवऱ्याच्या नावाचा कागदही अडकला होता. तिच्या गावातल्या दोन शेतकऱ्यांनी वाट पाहून दुसरा मिस्त्री आणला होता. "गुस्सो थारो, ने काम म्हारो गयो," ती म्हणाली. राग तुझा, आणि काम गेलं माझं. "म्हने पूछ्यो थो?"

नव्हतं विचारलं. तिच्यासाठी भांडताना तिला एका शब्दानं विचारावं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साहेबांनी तिला न विचारता नाव बदललं, मी तिला न विचारता कागद अडवला. मान खाली घालून मी म्हटलं, "तू म्हणशील तर आत्ता सही करते, नवऱ्याच्या नावावर."

ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "नी. अबे रेवा दो." राहू दे.

तिच्या मनात काय होतं ते पुढं कळलं. शिबिरातच प्रमाणपत्र मिळवलेल्या एका मिस्त्रीनं जवळच्या गावात मोठ्या पाटीदार शेतकऱ्याकडं संयंत्र बांधलं होतं, आणि ते गॅस धरत नव्हतं. राजधानीचे मोठे साहेब नेमकं तेच बघायला येणार होते. दोन मिस्त्री हात टेकून गेले. शेवटी आमच्या अधिकाऱ्यांनी जीप पाठवून हिला बोलावलं. ती आली, खड्ड्याभोवती एक फेरी मारली आणि बांधावर बसली.

"दोष दिसला का?" साहेबांनी हिंदीत विचारलं.

"दिख ग्यो."

"मग काढा."

"म्हारा नाम को कागद लाव. फेर हाथ लगऊंगी."

मी तिथं उभी होते. पाटीदार साहेबांकडं बघत होता, साहेब जमिनीकडं. त्यांनी समजावलं, रागावले, पुन्हा समजावलं. ती विटेच्या तुकड्यानं नखातला मसाला काढत राहिली. शेवटी जीप धारला परत गेली आणि दुपार कलायच्या आत कागद आला; माझी सही काम झाल्यावर, असं साहेबांनी ठरवलं. दोन दिवसांत संयंत्र पेटलं. मोठे साहेब आले, निळी ज्योत पाहून आमच्या अधिकाऱ्यांची पाठ थोपटून गेले. बांधणाऱ्या बाईची कुणी चौकशीसुद्धा केली नाही.

मग तो कागद माझ्याकडं सहीला आला. मी तिला तो मोठ्यानं वाचून दाखवला. नाव तिचं होतं, पण आधी छापलेलं 'श्री' तसंच, आणि पुढं 'पुत्र' म्हणून तिच्या बापाचं नाव. तिला अर्थ सांगितला तेव्हा ती खळखळून हसली. मला हसू आलं नाही. पण या वेळी मी तिला विचारलं, "परत पाठवू, की इथंच दुरुस्त करू?"

"यांज करी दो."

मी 'श्री' खोडून 'श्रीमती' केलं, 'पुत्र' खोडून 'पुत्री' केलं, दोन्ही ठिकाणी बाजूला सही केली आणि शेवटी खाली सही केली. तिनं कागद पदरात गुंडाळला आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेली.

आठवड्याभरात मला खुलासा मागणारं पत्र आलं: सरकारी दस्तऐवजात खाडाखोड का केली? मी उत्तर दिलं, चूक होती, दुरुस्त केली. माझी मुदत वाढवली गेली नाही. सामान बांधून मी देवासला परतले, पुढं कन्नौदला एका शाळेत गणित शिकवू लागले. ती मात्र बाग नावाच्या गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या खेड्यांतून घुमट बांधत राहिली, असं धारहून येणारे सांगत. राग अजून आहे. साहेबांवर आहेच, पण त्या पहिल्या तीन आठवड्यांतल्या माझ्यावरही आहे.