राक्षसांच्या पाठीवरचे नियम

माझे वडील जहाजावर खलाशी होते. वर्षातले नऊ-दहा महिने पाण्यावर, उरलेले रत्नागिरीत, मांडवीजवळच्या आमच्या दोन खोल्यांत आणि पडवीत. मी सातवीत असताना ते दिवाळीनंतर घरी आले, तेव्हा त्यांच्याशी बोलायचं नाही असं मी आधीच ठरवून टाकलं होतं. भांडण काही झालं नव्हतं. मागच्या खेपेला ते गेले तेव्हा मी तीन दिवस नीट जेवले नव्हते, शाळेत रडले होते आणि वर्गात हसं करून घेतलं होतं. तो मूर्खपणा पुन्हा करायचा नव्हता. जाणाऱ्या माणसाची सवयच लावून घेऊ नये, असं माझं तेव्हाचं तत्त्वज्ञान होतं, आणि मी भयंकर तत्त्वनिष्ठ मुलगी होते.

मग आमच्या घरात वेगळंच टपाल सुरू झालं. वडील समोर हातभर अंतरावर बसलेले असायचे आणि मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायची, "आई, त्यांना सांग, पाणी तापलंय." आई चिडायची. "तोंड नाय काय तुला? बाबा हायत ते तुझे, पाव्हणे नायत." वडील मात्र गंभीर चेहरा करून म्हणायचे, "तिला सांग गो, ऐकलं मी." एकदा मी माजघरात असताना ते आईला सांगत होते, "जबरदस्ती करू नको तिला. दोन-अडीच महिने हायत. तेवढ्यात बोलली तर नशीब माझं." ते ऐकून मी आणखीच ताठ झाले.

त्यांच्या बॅगेत या वेळी साबण, नायलॉनचं कापड आणि टॉर्च यांच्याबरोबर बिस्किटांचा एक गोल पत्र्याचा डबा निघाला. आत बिस्किटं नव्हती. होते ते राक्षस. दोन बोटं रुंद, चार बोटं उंच असे कागदाचे तुकडे, आणि प्रत्येकावर काळ्या शाईत छापलेला एकेक जीव. पंखवाला साप. मगरीचं धड आणि माणसाचे हात असलेला एक. नुसत्या हाडांचे काही, त्यांच्या हातात गंजक्या तलवारी; त्यांना आम्ही हाडके म्हणायचो. प्रत्येक तुकडा बुचाच्या चकतीला चीर पाडून तिच्यात उभा केलेला. वडिलांनी ते पडवीत एका ओळीत मांडले, आणि बोलायचं नाही हे विसरून मी जवळ जाऊन बसले. बोलले नाही, बसले फक्त.

खेळाची हकीकत त्यांनी आईला सांगितली, म्हणजे मला. त्यांच्या जहाजावरच्या रेडिओ ऑफिसरकडे कुठल्याशा बंदरात घेतलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात एका खेळाचे नियम आणि शेवटी कापून घ्यायचे राक्षस. एकाने मास्तर व्हायचं. मास्तर गोष्ट सांगतो, राक्षस चालवतो. बाकीच्यांनी एकेक माणूस व्हायचं, भुयारात शिरायचं आणि आपला माणूस काय करतो ते तोंडाने सांगायचं. खलाशांना हा खेळ इतका आवडला की सगळ्यांनाच पुस्तक हवं झालं. ऑफिसरने जहाजाच्या कचेरीत त्याच्या झेरॉक्स काढल्या, पण कागद मोजून मिळायचा, म्हणून पाठपोट काढल्या. एका बाजूला नियम, दुसऱ्या बाजूला राक्षस. मग सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, हौसेने कात्री घेतली आणि राक्षस कापले. कापून झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की नियमांचीही खांडोळी झाली.

म्हणजे आमचं नियमांचं पुस्तक अर्धं डब्याच्या तळाशी घडी घातलेल्या पानांवर होतं आणि अर्धं राक्षसांच्या पाठीवर. विषाचा नियम बघायचा तर सहा राक्षस उपडे घालून, कडेला कड लावून वाचायचे. बत्तिसांपैकी एकोणतीसच घरी पोचले होते. उरलेले तीन वाऱ्याने समुद्रात नेले, म्हणजे तेवढे नियमही समुद्रात गेले.

मी त्या नियमांच्या प्रेमातच पडले. दुसरा शब्द नाही. माझं इंग्रजी पाचवीपासूनचं, वडिलांचं बंदरातलं, आणि मधे एक शब्दकोश. रोज दुपारी आम्ही राक्षस उलटे मांडून वाचत बसायचो आणि मी दोनशे पानी वहीत मराठीत उतरवून घ्यायची. काय काय लिहिलं होतं त्यात! खांद्यावर दोरी असेल तर माणूस किती हळू चालतो. एका दिव्याचं तेल किती वेळ पुरतं. उपाशी माणसाला तलवार उचलता येते का. कुणीतरी लांबच्या देशात बसून एवढ्या बारीकसारीक गोष्टींचा विचार केला होता, तोही नसलेल्या भुयारांसाठी. आणि सगळ्यात मला चकित केलं ते या नियमाने: सोबतचे निम्मे पडले की राक्षसाच्या नावाने फासा टाकायचा आणि तो घाबरला का ते बघायचं. राक्षस घाबरतो! मी वडिलांकडे बघितलं. ते आईला म्हणाले, "तिला सांग, सगळेच घाबरतात. कोण कधी, एवढंच बघायचं असतं."

हरवलेल्या तीन राक्षसांच्या जागी नवे काढायचं ठरलं. वडिलांनी लग्नपत्रिकांचे कोरे पुठ्ठे घेतले आणि विचारलं, "तुम्हांला कशाची भीती वाटते ते सांगा, तेच काढतो." आई लगेच म्हणाली, "तार." खलाशाच्या घरी तार कसली येते ते सगळ्यांना माहीत असतं. वडिलांनी सायकलवरचा तारवाला काढला, त्याला शिंगं दिली. शेजारची चाची रोज दुपारी आमच्याकडे असायची, तिचा नवरा कुवेतला. ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला कुवेतला पाठवला तो मुंबैचा एजंट काढा. दात सोन्याचे करा त्याचे." मला विचारलं तेव्हा मी आईकडे बघून म्हटलं, "पाल." खोटं होतं. पालींना मी शेपटी धरून बाहेर टाकायची. पण त्यांनी मन लावून पाल काढली, डोळ्यांत पिवळा रंगसुद्धा भरला, आणि मला माझीच लाज वाटली.

खेळ सुरू झाला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन आखले. रेडिओ ऑफिसरचे वीस बाजूंचे फासे काही मिळाले नव्हते, म्हणून एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या पितळी तांब्यात टाकल्या. मास्तर वडील, खेळणाऱ्या आम्ही तिघी. पण माझं टपाल चालूच. "आई, त्यांना सांग, माझी बाई डावीकडच्या दाराने जाते." "तिला सांग, डावीकडे दार नाय, भिंत हाय." चाचीने कपाळाला हात लावला. "या खेलात राक्षस परवडला, तुमचा टपाल नको."

चाची स्वतः काय खेळायची! पूल अडवून बसलेला मगरमाणूस समोर आला की आई तलवार काढायची आणि चाची म्हणायची, "मी पलनार नाय आणि मारनार पण नाय. बस म्हणावं खाली, चा पी." त्याला नियम नव्हता. वडिलांनी भुवया वर केल्या, तांब्यात हात घातला, एकोणीस निघाला. मगरमाणूस चहा प्यायला आणि पूल मोकळा झाला. वहीत मी त्या दिवशी लिहिलं, राक्षसाला चहा विचारता येतो, पंधराच्या वर आलं तर तो पितो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वडिलांच्या हातून चूक झाली. आमचा दिवा विझायला हवा होता आणि ते गोष्ट पुढे नेत होते. मी ताडकन उठले. "चूक आहे! तेल संपलंय! तुम्हांला नियम माहीतच नाही!" आई म्हणाली, "हळू." वडिलांनी शांतपणे सहा राक्षस उपडे घातले, वाचलं आणि म्हणाले, "तिचं बरोबर हाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा आणि तांब्या माझ्यासमोर सरकवला. "ज्याला नियम पाठ, तो मास्तर." यातला डाव मला नंतर कळला. मास्तरला प्रत्येक खेळाडूला तोंडाने विचारावं लागतं, तुम्ही आता काय करता? त्यात आईला मधे घेता येत नाही. पहिल्यांदा विचारताना माझा आवाज चिरकला. ते मात्र रोजचंच असल्यासारखं म्हणाले, "मी दिवा वर धरतो, मास्तर."

त्यांचा माणूस म्हणजे एका पायाने अधू म्हातारा, दिवा धरणारा. चांगलं हत्यार कधी घेतलं नाही त्यांनी. आणि ते खेळायचे इतके सरळ की मला आजही त्याचं कौतुक वाटतं. एकदा मी भिंतीवरच्या आरशासमोर पाठमोरी वेणी घालत होते, चाची आत पाणी प्यायला गेली होती, आई भाजी निवडत होती. त्यांनी चिठ्ठी काढली, उघडली, आणि कुणी बघत नसताना म्हणाले, "दोन. पडलो मी खड्ड्यात." ते मला आरशात दिसलं. पुढे आयुष्यात नियम सांगणारी माणसं मला ढिगाने भेटली, मी स्वतःही त्यातलीच. एकट्याने चिठ्ठी उघडून दोन म्हणणारी फार थोडी.

जानेवारीत कंपनीचं रजिस्टर पत्र आलं. चार दिवसांत मुंबईला हजर व्हायचं होतं. आई बॅगेत भरायचे कपडे काढायला लागली. आमची मंडळी त्या वेळी भुयाराच्या शेवटच्या दालनात होती, समोर पंखवाला साप आणि चार हाडके. चाचीने विचारलं, आता याचं काय? वडील म्हणाले, "सोपं हाय. जहाजावरून जो उतरतो त्याच्या माणसाला शेवटच्या डावात मारून टाकतात. चांगला लढत मरतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि मागच्यांची खोटी होत नाय. उद्या माझा म्हातारा सापाच्या तोंडी जाईल. तुम्ही पुढे जा."

ते हे इतक्या सहज म्हणाले की माझं डोकंच फिरलं. "असं कुठं लिहिलंय?" मी ओरडले. "दाखवा मला! कुठल्या पाठीवर लिहिलंय?" मी डबा पालथा केला, एकूण एक राक्षस उपडा केला. गैरहजर खेळाडूचा नियम सापडला, एका हाडक्याच्या पाठीवर. "खेळाडू हजर नसेल तर" एवढंच होतं आणि तिथे सारंगाची कात्री लागली होती. पुढचं त्या हरवलेल्या तिघांच्या पाठीवर, समुद्रात. मी त्या कापलेल्या कडेकडे बघत बसले आणि मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, हुंदके देऊन. "तुम्ही दर वेळी जाता," मी म्हटलं, "आणि वर आता मरायला पण निघालात, बाबा."

बाबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "नियम नाय तिथे मास्तर ठरवतो. ठरव तू, बाय. मी ऐकेन."

मी नाक पुसलं आणि वहीत लिहिलं. खेळाडू बाहेरगावी असेल तर त्याच्या माणसावर कोणत्याही राक्षसाने हल्ला करू नये. बाकीच्यांनी त्याला सोडून पुढे जाऊ नये. तो परत येईपर्यंत डाव आहे तिथे थांबावा.

"दहा महिने?" चाची म्हणाली. "त्या सापाच्या समोर?"

"हो," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पेन मागून घेतलं आणि खाली उर्दूत सही केली. तिच्या कुवेतच्या नवऱ्याला दोन वर्षं सुट्टी मिळाली नव्हती. आईने केली. बाबांनी सगळ्यात शेवटी केली, जहाजावर भरती होताना करतात तशी, पूर्ण नाव लिहून.

ते वर्ष लांबलं. जहाज मधेच दुसऱ्या मार्गावर लावलं आणि बाबा डिसेंबरात आले. तोवर पडवीच्या कोपऱ्यात पाटावर कॅलेंडर पसरलेलं होतं, त्यावर सगळे राक्षस, आमची माणसं आणि वर उपडी टोपली. आईने केर काढताना पाट कधी सरकवला नाही. चाची अधूनमधून म्हणायची, एक घर तरी पुढे जाऊ दे गो मला. मी नाही म्हणायची. मैत्रिणी हसल्या तरी नाही म्हटलं. मी रोज शाळेतून आल्यावर टोपली उचलून बघायची, एवढंच.

बाबा सकाळच्या एसटीने आले. पायांवर पाणी घेतलं, बॅग दारातच ठेवली आणि पडवीच्या कोपऱ्याशी आले. टोपली उचलली. एक हाडका मुंग्यांनी पाडला होता, तो त्यांनी पुन्हा बुचात उभा केला. मग मांडी घालून बसले, ओल्या पायांनीच.

"डाव कुणाचा, मास्तर?"

"तुमचा," मी म्हटलं. "केव्हाचा तुमचाच आहे."