गाणी नसलेली बाजू

ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि तळाशी सिनेमाची ती रेकॉर्ड दिसते. बांगलादेशची लढाई संपली तरी आमचे मालक फौजेबरोबर सरहद्दीवरच होते. त्याआधीच्या रजेत त्यांनीच ही रेकॉर्ड आणली होती. त्यातली गाणी मला आवडली नाहीत, उगीच गळा काढतात. मागच्या बाजूला नुसतं उदास संगीत होतं. कडेगावात वर्षभर मी तेच ऐकलं. सासूबाई विचारायच्या, "गाणारा कवा यायचा गं?"

मालक रजेवर आले, तेव्हा मी हौसेनं तीच बाजू लावली.

"उलटी कर की. गाणं लाव."

मी रेकॉर्ड उलटली. वर्षभर तीच बाजू सोबतीला होती, हे सांगितलं नाही. तेव्हा राग आला होता. आता कळतं, त्यांना माणसाचा आवाज हवा होता. माझाही चालला असता.