निकिफोरकाकाच्या दस्त्यातला मोजा

अलास्कातल्या कोडियाक बेटावर पाहुण्यांना अस्वलाच्या शिकारीला नेणारा आमचा निकिफोरकाका. पावसाने रायफलीचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता फुगून नेम चुकायला लागला, तेव्हा त्याने फायबरचा बसवला, तोही दुकानातला सगळ्यात हलका! पहिल्याच बाराला खांदा काळानिळा झाला.

"मिरवा आता! बंदूक जितकी हलकी तितका दणका मोठा, हे माझ्यासारख्या मासेमारीची जाळी विणणाऱ्या बाईलाही कळतं," अगाफियाकाकू म्हणाली.

"जाऊ दे. यंदापासून शिकार बंद," काका पुटपुटला.

काकूने दस्त्यामागची रबरी गादी काढली, आतल्या पोकळीत जाळं बुडावं म्हणून बांधायचे शिशाचे जड गोळे भरले आणि ते खुळखुळू नयेत म्हणून स्वतःच्या पायातला लोकरी मोजा काढून कोंबला.

दुसऱ्या बाराला काका चक्क हसला. तो हंगामभर शिकारीला गेला आणि काकूच्या एका पायात त्याचा ढगळ मोजा राहिला.