समन्वयकाचा अंगठा

एका वर्गमैत्रिणीची दोन मिनिटे मी एका भाषणासाठी आणि एका आलूबोंड्यासाठी विकली, आणि खापर अध्यक्षांवर फोडले. ही गोष्ट मी अनेक वर्षे कुणाला कळू दिली नाही.

कापसाला भाव नसलेली ती वर्षे होती. दिग्रसच्या आमच्या महाविद्यालयात राज्यशास्त्राच्या सरांनी युरोपातील देशांच्या सामायिक संसदेची नक्कल बसवली. तिथे सदस्य देशानुसार नव्हे, तर पक्षगटानुसार बसतात आणि समितीत प्रत्येक गटाचा एक समन्वयक असतो. कोण बोलणार, किती वेळ, मत कुणाला, हे समन्वयक आधीच आपसांत ठरवतात. त्याने अंगठा वर केला की गटाचे हात वर. सरांनी एवढे सांगताच मी ते पद मागून घेतले. इतका अधिकार मला घरातही नव्हता.

ती वर्गमैत्रीण फुलसावंगीची, कापूस पिकवणाऱ्या घरातली; माझ्या गटात ती ग्रीसची सदस्य होती. ग्रीसमध्येही कापूस पिकतो. तिथल्या कापसाचे अनुदान कायम ठेवण्याचा ठराव विरुद्ध गटाने आणला होता. 'त्या अनुदानाने फुलसावंगीचे भाव पडतात,' असे ती ग्रीसच्याच खुर्चीतून सांगणार होती. ऐकायला तिचे वडील एस.टी.ने आले होते.

विरुद्ध गटाच्या समन्वयकाने मला कँटीनमध्ये गाठले.

"तिले बोलू नोको देऊ बे, अन् मताच्या वेळी अंगठा वर कर. नाही तं ठराव पडन आमचा."

"मले काय भेटन?"

"समारोपाचं भाषण तुह्यं. अन् हा आलूबोंडा."

मी दोन्ही स्वीकारले. तिला म्हणालो, "अध्यक्षांनी वेळ कापला." मतदानाच्या वेळी मी अंगठा वर केला, त्यावर चटणी वाळलेली होती. तिने अंगठ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि शिस्तीने हात वर केला. फुलसावंगीच्या मताने ग्रीसचे अनुदान वाचले. मागच्या बाकावरून वडिलांनी टाळ्या वाजवल्या; मुलीने हात वर केला, एवढेच त्यांना दिसले. समारोपात मी लोकशाहीवर बोललो.

परवा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात सूत्रसंचालन माझ्याकडे होते. ती आता पंचायत समितीची सदस्य आहे. माइक हाती घेताच तिने विचारले, "काहून जी समन्वयक, आज माही मिनिटं कितीत इकली?"

म्हणजे तिला तेव्हाच कळले होते. सभागृह हसले. हसून वेळ मारून नेण्याची माझी जुनी सवय. या वेळी ते जमले नाही. मी दुसरा माइक उचलला.

"अध्यक्षांनी तुझा वेळ कापला नव्हता. मी विकला होता, तुझे वडील मागे बसलेले असताना. माझं चुकलं. मला माफ कर."