आधी सिस्टरच्या दंडाला

आमच्या आरोग्य केंद्रात लशी कमी पडायच्या, किस्से मात्र उरायचे. लशीची तारीख संपली की फेकून तरी देता येते, किश्श्यांचं काय करायचं! सूर्यमाळच्या चढावर पाय भरून आले की एकेक आठवतो.

स्वाईन फ्लूच्या साथीत ठाण्याहून आलेले डॉक्टर आम्हाला समजावत होते, "हा विषाणू सारखा रूप बदलतो, म्हणून लसही दरवर्षी नवी लागते."

शिपाई काशिनाथ म्हणाला, "म्हणजे मागच्या वर्षीच्या फोटोवरून चोर शोधायचा!"

डॉक्टर हसले. "पुढे अशी लस येईल, एकदा टोचली की आयुष्यभर बघायला नको."

मी दमलेली होते, तोंडातून निघालंच, "सर, तोवर आमच्या फ्रिजला एक अख्खा दिवस लाईट द्या!"

आम्हाला आलेली फ्लूची लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, म्हणून टोचण्याआधी केंद्रातल्या प्रत्येकाला विचारायचं होतं. झाडलोट करणाऱ्या सखूबाईला विचारलं, "अंडं खाल्लं की अंगाला खाज सुटते का?"

"अंडी बाजारात जातात, सिस्टर. कधी खाल्लं तर सांगते!"

काशिनाथची पंधरा वर्षं रडणाऱ्या पोरांचे हात धरण्यात गेलेली. "काय होत नाय रे, मुंगी चावल्यागत!" त्याची स्वतःची पाळी आली तेव्हा तो स्टोअररूममध्ये सापडला. "नाकात फवारायची पण निघालीय म्हणतात. मी तिची वाट बघतो!" त्याला धरायला सखूबाई लागली.

सगळ्यात वरच्या पाड्यावर जानीआजीचा नियम होता: आधी सिस्टरनं टोचून घ्यायचं, मग पोरांना. पहिल्या वर्षी मी तिच्यासमोर धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, तेव्हा कुठे दारं उघडली. "लस सगळ्यांना सारखीच असते, आजी," असं मीच तिला सांगितलं होतं.

फ्लूची लस घेतल्यावर आठवड्याने मी गोवराची लस घेऊन वर गेले. शेजारच्या पाड्यात गोवर आला होता आणि आजीच्या नातवाची लस राहिली होती. ती नाही म्हणाली असती तर पाडाच नाही म्हणाला असता.

"तापाची नवी लस आली म्हणं. तू घेतलीस?"

"घेतली."

"मंग आमची?"

"ती फक्त दवाखान्यातल्या माणसांसाठी आलीय, आजी." हे सांगताना मला लाज वाटली.

आजीने नातवाला सुनेकडे दिलं, माझ्यासमोर बसली आणि दंड उघडा करून पुढे केला.

"तापाची तू घेतलीस ना? आता आमचा नंबर. पोराचं त्याच्यानंतर."