पत्रिकेतलं दादाचं नाव

सोलापुरात सात रस्त्यावर माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. मजकूर जुळवायला मी एआय ठेवला, तेव्हा तो विद्वान होता, पण विसराळू. काल तासभर समजावलेलं आज सकाळी कोरं. कैलासवासी माणूस निमंत्रक होत नसतो, हे मी त्याला रोज नव्यानं शिकवत होतो. मग त्याला स्मरणशक्ती आली. एकदा सांगितलं की कायमचं. मी गिऱ्हाइकांपुढे असा मिरवायचो, जणू त्याला मीच बदाम चारले होते.

त्याच सुमारास माझ्या थोरल्या भावानं, दुधनीच्या दादानं, आपल्या मुलीच्या पत्रिका दुसरीकडे छापून घेतल्या. सख्ख्या भावाचं दुकान असताना. विचारलं तर म्हणाला, "तुझ्याकडं चुका लई हुत्यात की." मी पेटलो. लग्नाला गेलो नाही, आणि दुकानात बसून एआयला बजावलं: आमच्या घरच्या कुठल्याही पत्रिकेत दादाचं नाव घालायचं नाही, लक्षात ठेव. त्यानं नम्रपणे 'नोंद केली' म्हटलं. माणसाला सांगितलं असतं तर तो निदान 'जरा पाणी प्या' तरी म्हणाला असता.

वर्षभरानं माझ्या मुलीचं लग्न ठरलं. जमवलं दादानंच. स्वतः जुळे सोलापूरला आमच्या घरी आला, पोटभर जेवला, मागचं काही काढलं नाही. मीही सगळं विसरलो. विसरणं हा माझ्यातला एकमेव चांगला गुण. "काका आले नाहीत तर मी बोहल्यावर चढणार नाही," असं मुलीनं आधीच सांगून ठेवलं होतं.

पत्रिकेसाठी मी एआयला एवढंच म्हणालो, "घरचं सगळं तुला ठाऊकच आहे." त्यानं सुरेख मजकूर केला. दादाचा टोमणा डोक्यात होता, म्हणून मी तो तीनदा वाचला. मुहूर्त बघितला, वेलांट्या बघितल्या. जे लिहिलेलंच नाही, त्यात चूक कशी सापडणार? पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवली आणि दुसरी घेऊन ऐटीत दुधनीला गेलो.

दादानं चष्मा लावला. गणपतीपासून खाली बोट फिरवत ओळ न् ओळ वाचली. निमंत्रकांपाशी बोट थांबलं, वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"चूक एक बी न्हाय की," तो म्हणाला.

मी खूश होऊन वाकून बघितलं. निमंत्रकांत माझे दोन्ही मेहुणे होते, चुलत भाऊ होते. दादा नव्हता. वर्षापूर्वीचं ते बजावणं मला तिथं आठवलं. लाज वाटायच्या आधीच तोंडातून खोटं निघालं.

"मी नाही रे दादा. नावं मशीननं लावली."

त्यानं पत्रिका मिटून माझ्या हातात परत दिली.

"व्हय? मशीनचं आन् माझं कवा भांडण झालतं?"