बाणाच्या जागी हात

माझं अक्षर वाईट आहे आणि लिहिताना चुकाही होत असतील. शाळा चौथीतच सुटली. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही, तरी कोणाच्या हाती लागलंच तर सांभाळून घ्यावं.

महिना झाला. सकाळी मी वॉर्डात फरशी पुसत होते. मोठ्या सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "पारबता, भूलवाल्या मॅडम वारल्या. नागपूरच्या दवाखान्यात... पहाटे." मी नुसतं हो म्हटलं आणि उरलेली फरशी पुसली. मग बादली तिथंच ठेवून मॅडमच्या लहान खोलीत जाऊन बसले.

मॅडम तिरोड्याकडच्या, शेतकऱ्याची मुलगी. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायच्या, म्हणून सगळे त्यांना भूलवाली मॅडम म्हणत. नव्व्याण्णव साली मी इथं आया म्हणून लागले, तेव्हा त्या दुपारी खोलीत बसून मोठ्या कागदांवर चित्रं काढायच्या. श्वास अडकलेला पेशंट आला तर मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत खेड्यातल्या सिस्टरने काय करायचं, याचे ते तक्ते. घाईत वाचत कोण बसतं, म्हणून अक्षरं जवळजवळ नाहीतच. फक्त खाली एक ओळ, 'कोणीही झेरॉक्स काढा, विचारू नका.' तक्त्याचा एक पैसाही त्यांनी कधी घेतला नाही. नवा तक्ता झाला की आधी मला हाक. "तुले समजलं तं समद्यांले समजंल." मला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. मी लाजून 'समजलं' म्हणायची.

एका तक्त्यात झोपलेल्या माणसाच्या हनुवटीकडे वरून बाण काढला होता. तो जागा दाखवतो की ढकलायला सांगतो, ते मला कळलं नव्हतं. तरी म्हटलं, समजलं. मॅडमनी पदरच्या पैशाने तक्ते छापले, सौंदडपासून देवरीपर्यंत दवाखान्यांत लागले.

मग सिस्टर लोकांचा वर्ग झाला. टेबलावर पेशंट म्हणून मीच झोपले. कोहमाऱ्याकडची सिस्टर तक्त्याकडे बघत आली आणि माझी हनुवटी खाली गळ्याकडे दाबली. मला श्वास घेता येईना, मी तिचा हात झटकला.

"ये काय करून राहिली तू? हनुवटी वर उचलायची!" मॅडम ओरडल्या.

"मॅडम, बाण तो नीचेच दिखा रहा है ना!"

वर्ग संपल्यावर मी रडत सगळं सांगितलं. मॅडमनी तो तक्ता भिंतीवरून उतरवला. मग म्हणाल्या, "काऊन सांगतलं नाही वो? नंदीबैलावानी मान हलवली. असाच एखाद्या पेशंटचा श्वास दाबला असता तं?" थोड्या वेळाने पुन्हा, "अर्धी चूक माही. मी तुले 'समजलं का' विचारलं, 'करून दाखव' म्हटलं नाही." आणि माझा हात धरून, त्याकडे बघत बघत, बाणाच्या जागी हनुवटी वर उचलणारा हात काढला. बांगड्यांसकट.

पुढचे कितीतरी रविवार आम्ही दोघी बसने फिरलो. जुने तक्ते उतरवायचे, नवे लावायचे. मॅडम स्वतः स्टुलावर चढायच्या. नव्या छपाईचे अर्धे पैसे मी पगारातून देते म्हटलं. मला वाटलं, नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "घेईन. चुकीत भागीदार, तं खर्चातबी." महिन्याला दहा रुपये. प्रत्येक दहाची एक रेघ त्या चुकलेल्या तक्त्याच्या मागं ओढायच्या.

त्यानंतर मी 'नाही समजलं' म्हणायला शिकले. एका तक्त्याला तर सात वेळा म्हटलं. मॅडमनी पेन्सिल फेकली. "माह्या परीक्षेचे साहेब तुह्यापेक्षा बरे होते वो!" आणि आठव्यांदा काढायला बसल्या...

मागच्या आठवड्यात मॅडमची धाकटी बहीण खोली रिकामी करायला आली. कपाटात तो तक्ता निघाला. मी रेघा मोजल्या, माझा अर्धा वाटा फिटायला अजून चार कमी होत्या. चाळीस रुपये पुढं केले.

"राहू द्या ना बाई. ताई असती तर घेतले असते का?"

"दर महिन्याले घेतले त्यांनी," मी म्हटलं. इतक्या मोठ्यानं मी त्या खोलीत कधी बोलले नव्हते.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या बांगड्यांच्या हाताकडे. पैसे मोजून घेतले आणि पेन माझ्या हातात दिला. चार रेघा मीच ओढल्या. माझ्या वाट्याचे अर्धे पैसे पूर्ण फिटले.